बोर्ड नवा, डिस्क जुनी

वाचकांचे संगणकविषयक प्रश्न

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डात आमची हळदीची अडत आहे. दुकानातला संगणक सुमारे दहा वर्षांपूर्वी जोडून घेतलेला असून त्यात इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, एच-८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर-३ रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज १० आहे. गेले दोन महिने तो सकाळी दोन-तीनदा बटण दाबल्याशिवाय सुरू होत नाही आणि ऐन सौद्यांच्या वेळी आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होतो. दुरुस्तीवाल्याने कॅबिनेट उघडून प्रोसेसरजवळचे चार कपॅसिटर फुगलेले दाखवले आणि बोर्ड बदलायला सांगितले. परंतु ‘बोर्ड बदलला की फॉरमॅट मारावाच लागतो’ असे त्याचे म्हणणे आहे. टॅली पुन्हा टाकता येईल, पण शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्या ज्या प्रोग्रॅमवर होतात तो तयार करणाऱ्या गृहस्थांनी हा व्यवसायच सोडला आहे आणि त्याची सीडी आमच्याकडे नाही. तो प्रोग्रॅम वजनकाट्यावरून वजन थेट घेतो. काहीही पुन्हा न टाकता बोर्ड बदलणे शक्य आहे काय?
— एक अडत व्यापारी, सांगली

उत्तर : शक्य आहे, आणि आपला जुना बोर्ड रडतखडत का होईना अजून चालतो आहे, ही आपल्या दृष्टीने मोठी सोय आहे. बोर्ड बदलण्याच्या कामातला महत्त्वाचा भाग स्क्रू सोडवण्याच्या आधीच उरकायचा असतो आणि तो चालू संगणकावरच नीट उरकतो. म्हणून बोर्ड पूर्ण जाण्याची वाट पाहू नये.

‘फॉरमॅट मारावाच लागतो’ हा सल्ला खोटा नाही, जुना आहे. विंडोज एक्सपीच्या काळात तो बहुतेक वेळा खरा ठरत असे, कारण एक्सपी ज्या बोर्डावर टाकली जाई त्या बोर्डाची रचना आणि डिस्क नियंत्रकाचा ड्रायव्हर (त्या भागाशी विंडोजला बोलता यावे म्हणून असलेला छोटा प्रोग्रॅम) एवढेच गृहीत धरून ती सुरू होई. दुसऱ्या बोर्डावर नेताच निळा पडदा ठरलेला असे. विंडोज ८ पासून पुढच्या आवृत्त्या सुरू होताना समोरच्या हार्डवेअरची बरीच चाचपणी स्वतः करतात. त्यामुळे विंडोज १० असलेली डिस्क जवळच्या पिढीच्या बोर्डाला जोडली, तर ती बहुधा काही मिनिटांत नव्या घराशी जुळवून घेते.

नेमके काय अडू शकते, हे समजले की पुढची खटपट का करायची तेही समजेल. संगणक सुरू होताना आधी बोर्डावरचा बायोस किंवा त्याचा नवा अवतार यूईएफआय डिस्कवरचा सुरुवातीचा छोटा प्रोग्रॅम शोधतो. तो प्रोग्रॅम विंडोजचा गाभा आणि त्याबरोबर डिस्क वाचण्यापुरते मोजके ड्रायव्हर स्मृतीत आणतो. आणि तिथून पुढे विंडोजला स्वतःच्या बळावर डिस्क वाचावी लागते. आणलेल्या ड्रायव्हरपैकी एकालाही नव्या बोर्डावरच्या डिस्क नियंत्रकाशी बोलता आले नाही, तर विंडोजला स्वतःचेच घर सापडत नाही आणि ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ अशी ओळ दाखवून ती थांबते. आवाज, नेटवर्क, पडद्याचे रेझोल्यूशन या गोष्टी सुरू झाल्यानंतरही दुरुस्त करता येतात. डिस्क वाचता येणे मात्र आधीच जमावे लागते.

यावरून बोर्डाची निवड ठरते. आपण त्याच एलजीए ११५० सॉकेटचा, एच-८१ किंवा बी-८५ चिपसेटचा बोर्ड घ्यावा. प्रोसेसर आणि रॅम तीच राहतील, डिस्क नियंत्रक त्याच घराण्यातला असेल आणि विंडोजला फारसा फरक जाणवणारही नाही. असे बोर्ड बाजारात अजूनही मिळतात, मात्र त्यांत वापरलेले आणि नवे असे दोन्ही असतात, तेव्हा बिलावर वॉरंटी लिहून घ्यावी. बोर्ड निवडताना त्यावर वजनकाट्यासाठी नऊ पिनांचे सिरियल पोर्ट, ज्याला आपण कॉम पोर्ट म्हणतो, आहे की नाही हे मागच्या बाजूला पाहून घ्यावे. काही बोर्डांवर मागे पोर्ट नसते, पण आत त्याच्या पिना असतात आणि पट्टीची वायर जोडून ते बाहेर काढता येते. चार-पाचशे रुपये वाचवण्यासाठी पोर्ट नसलेला बोर्ड घेतला, तर पुढे वजनकाट्यापाशी काम अडेल.

बोर्ड घेण्यापूर्वी एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा, तपासून घ्यावा, असा माझा आग्रह आहे. फुगलेले कपॅसिटर हे अनेकदा वयाने फुगतात, पण एसएमपीएसकडून येणारा दाब अस्थिर असेल तर नवा बोर्डही त्याच वाटेने जाईल. शक्य झाल्यास एसएमपीएस बोर्डाबरोबरच बदलावा आणि वायरमनकडून दुकानाचे अर्थिंग मोजून घ्यावे. न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यातील दाब दोन-तीन व्होल्टच्या वर जाऊ नये.

आता तयारी. पहिले काम डिस्कची पूर्ण प्रत. केवळ टॅलीच्या डेटाची नव्हे, तर विंडोज आणि सर्व प्रोग्रॅमसह संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रत, म्हणजे क्लोन. आपला पट्ट्यांचा प्रोग्रॅम पुन्हा मिळणार नसल्याने ही प्रतच त्याची सीडी आहे, असे समजावे. एक एसएसडी विकत घ्यावी आणि क्लोनझिला या मोफत प्रोग्रॅमने जुन्या डिस्कची प्रत तिच्यावर करावी. येथे एक बारकावा आहे. क्लोनझिलाला नवी डिस्क जुनीइतकी किंवा तिच्यापेक्षा मोठी लागते. बाजारात ४८० जीबीच्या एसएसडी स्वस्त दिसतात, पण ५०० जीबीच्या डिस्कची प्रत त्यांवर सरळ मार्गाने बसत नाही. ५०० किंवा ५१२ जीबीची एसएसडी घ्यावी. प्रत झाल्यावर हार्ड डिस्क सोडवून ठेवावी आणि एसएसडीवर जुन्याच बोर्डासह दोन दिवस काम करावे. एकाच दिवशी डिस्क आणि बोर्ड दोन्ही बदलले आणि काही अडले, तर दोष कोणाचा ते कळत नाही. मूळ आणि प्रत या दोन्ही डिस्का एकाच वेळी जोडून विंडोज सुरू करू नये. दोघींची ओळख एकच असल्यामुळे विंडोज त्यांतली एक बंद करून ठेवते आणि विनाकारण गोंधळ होतो.

सोडवलेली जुनी डिस्क दुकानात ठेवू नये, घरी न्यावी, आणि घर नदीकाठच्या भागात असेल तर वरच्या मजल्यावर ठेवावी. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन वर्षांचे पूर पाहिलेल्या सांगलीकराला याचे कारण सांगण्याची गरज नाही.

दुसरे काम मोबाइलवर फोटो काढण्याचे. संगणक सुरू होताना डिलीट की दाबून बायोसमध्ये जावे आणि ‘साटा मोड’ या ओळीचा फोटो घ्यावा. तेथे आयडीई किंवा एएचसीआय या डिस्कशी बोलण्याच्या दोन पद्धतींपैकी एक लिहिलेली असेल. त्यानंतर विंडोजमध्ये ‘सिस्टीम इन्फर्मेशन’ उघडून ‘बायोस मोड’ या ओळीपुढे ‘लेगसी’ आहे की ‘यूईएफआय’ ते पाहावे. या दोन नोंदी नव्या बोर्डावर जशाच्या तशा लावायच्या आहेत. आपला संगणक त्या काळी विंडोज ७ टाकून घेतलेला आणि नंतर १० वर आणलेला असेल, तर तेथे ‘लेगसी’ असण्याचा संभव अधिक. तसे असल्यास नव्या बोर्डाच्या बायोसमध्ये ‘सीएसएम’ ही जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय चालू करावी लागते, अन्यथा डिस्क ठणठणीत असूनही ‘बूट करण्याजोगे उपकरण सापडत नाही’ असा संदेश येतो. नेमक्या याच टप्प्यावर घाईने फॉरमॅटचा निर्णय घेतला जातो, हे मी अनेकदा पाहिले आहे. डिस्कमध्ये काहीही बिघडलेले नसते. फक्त दाराची कडी वेगळ्या बाजूला असते.

जुन्या बोर्डावर साटा मोड आयडीई असेल आणि नव्यावर ती निवडच नसेल, तरीही मार्ग आहे. बोर्ड काढण्यापूर्वी ‘एमएसकॉन्फिग’ उघडून बूट या पानावर ‘सेफ बूट’ची खूण करावी आणि संगणक बंद करावा. नवा बोर्ड बसवल्यावर विंडोज सेफ मोडमध्ये सुरू होते, आणि त्या मोडमध्ये एरवी झोपवून ठेवलेले डिस्कचे ड्रायव्हरही जागे केले जातात. एकदा ती आत आली की खूण काढून पुन्हा सुरू करावी. त्यानंतर योग्य ड्रायव्हर कायमचा लागू झालेला असतो. सेफ मोडमध्ये चार आकडी पिन चालेलच असे नाही, म्हणून खात्याचा मूळ पासवर्ड आधीच माहीत करून घ्यावा.

तिसरे काम परवान्यांचे, आणि ते सर्वांत जास्त विसरले जाते. टॅलीचा परवाना संगणकाच्या हार्डवेअरशी बांधलेला असतो. बोर्ड बदलला की टॅली एज्युकेशनल मोडमध्ये, म्हणजे मर्यादित शिकाऊ रूपात, जाऊ शकते. म्हणून जुन्या बोर्डावर असतानाच टॅलीतील परवान्याच्या पर्यायातून तो ‘सरेंडर’ करावा आणि नव्या बोर्डावर पुन्हा सक्रिय करावा. बोर्ड आधीच गेला असता तर परवाना रीसेट करून घेण्यासाठी विक्रेत्यामागे लागावे लागले असते. डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनची काळजी नको, सही टोकनमध्येच असते. पट्ट्यांच्या प्रोग्रॅमबद्दल मात्र मला धास्ती वाटते. असे घरगुती प्रोग्रॅम कधी डिस्कचा अनुक्रमांक पाहतात, तर कधी नेटवर्क कार्डाचा क्रमांक. तो प्रोग्रॅम एसएसडीवरच्या प्रतीतून सुरू झाला तर डिस्कचा प्रश्न मिटला, असे धरावे; एसएसडीवर दोन दिवस काम करून पाहा म्हणण्यामागे हेही एक कारण आहे. नेटवर्क कार्डाचा प्रश्न निघाल्यास, बहुतेक कार्डांच्या ड्रायव्हरमध्ये ‘नेटवर्क ॲड्रेस’ नावाची जागा असते, तेथे जुन्या कार्डाचा क्रमांक लिहिता येतो. त्यासाठी जुना क्रमांक आजच टिपून ठेवावा. हाच क्रमांक स्थानिक केबल इंटरनेटवाल्यांकडेही नोंदलेला असू शकतो. बोर्ड बदलल्यावर इंटरनेट बंद पडले तर आधी त्यांना फोन करावा.

विंडोजच्या स्वतःच्या परवान्याचे दोन प्रकार आपल्या कामाचे आहेत. रिटेल परवाना एका संगणकावरून दुसऱ्यावर नेता येतो. ओईएम, म्हणजे संगणकाबरोबर आलेला, परवाना बोर्डाशी जोडलेला असतो. तोच बोर्ड बिघडल्यामुळे बदलला असेल तर मायक्रोसॉफ्ट त्याकडे दुरुस्ती म्हणून पाहते, अधिक चांगला बोर्ड हवा म्हणून बदलला असेल तर तो नवा संगणक समजला जातो. आपले प्रकरण पहिल्या प्रकारात येते. बोर्ड काढण्यापूर्वी विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्ट खाते जोडून घ्यावे, म्हणजे परवाना त्या खात्याशी जोडला जातो. नंतर ‘ॲक्टिव्हेशन’च्या पानावरील ‘ट्रबलशूट’ उघडून ‘मी नुकतेच हार्डवेअर बदलले आहे’ या अर्थाचा पर्याय निवडता येतो. संगणक जोडताना कोणी खोट्या मार्गाने विंडोज सक्रिय करून दिलेली असेल, तर हिशेबाच्या संगणकावर ती तशीच पुढे चालवू नये, परवाना विकत घ्यावा.

शेवटच्या दिवशी तीन गोष्टी कराव्यात. नव्या बोर्डाचे चिपसेट आणि नेटवर्कचे ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावेत, कारण नेटवर्कचा ड्रायव्हरच नसेल तर इंटरनेटवरून काहीही घेता येत नाही. जुन्या बोर्डाबरोबर आलेली आणि पंखा, वेग यांवर लक्ष ठेवणारी कंपनीची उपयुक्त साधने काढून टाकावीत. आणि ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करून मगच संगणक बंद करावा. ही सोय चालू असली तर विंडोज पूर्ण बंद होतच नाही. गाभ्याची अवस्था डिस्कवर लिहून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी तीच उचलते. ती अवस्था जुन्या बोर्डाची असल्याने नव्या बोर्डावर अडखळते.

बोर्ड बसवण्याबाबत फार लिहीत नाही, ते काम आपला दुरुस्तीवाला चांगले करील. प्रोसेसरवरची जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावली की नाही आणि प्रोसेसरजवळची चार किंवा आठ पिनांची वेगळी वीजजोडणी दिली की नाही, एवढे पाहावे.

पहिल्यांदा सुरू करताना आधी बायोसमध्ये जाऊन तारीख आणि वेळ लावावी, मग फोटोत पाहून साटा मोड आणि बूटची पद्धत लावावी. तारीख चुकीची राहिली तर सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत, परवाने सक्रिय होत नाहीत आणि हिशेबाच्या नोंदी भलत्याच दिवशी पडतात. विंडोज ‘उपकरणे तयार होत आहेत’ अशा अर्थाचा संदेश दाखवील, कदाचित दोनदा आपोआप पुन्हा सुरू होईल. पंधरा-वीस मिनिटे त्याला हात लावू नये. पडदा मोठमोठ्या अक्षरांत दिसला तरी घाबरू नये, ग्राफिक्सचा ड्रायव्हर आला की तो ठीक होतो. नेटवर्कला ठराविक आयपी क्रमांक दिलेला असेल तर तो पुन्हा द्यावा लागेल, आणि ‘हा क्रमांक दुसऱ्या कार्डाला दिलेला आहे’ असा इशारा येईल. ते दुसरे कार्ड म्हणजे गेलेल्या बोर्डावरचे कार्ड. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘लपलेली उपकरणे दाखवा’ हा पर्याय घेऊन त्याची फिकट दिसणारी नोंद काढून टाकावी.

वजनकाट्याचेही असेच होते. पट्ट्यांचा प्रोग्रॅम बहुधा कॉम-१ या पोर्टाकडे पाहत असणार. नव्या बोर्डावरचे पोर्ट विंडोजने कॉम-३ म्हणून नोंदले तर काटा चालू असूनही प्रोग्रॅममध्ये वजन येणार नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पोर्टाच्या ‘ॲडव्हान्स्ड’ जागेत जाऊन क्रमांक पुन्हा कॉम-१ करावा आणि बॉड रेट, म्हणजे काट्याकडून आकडे येण्याचा वेग, जुन्याप्रमाणे ठेवावा. तोही आकडा आजच टिपून घ्यावा.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. विंडोज १० चा नियमित सुरक्षा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि आपला चौथ्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही. म्हणून हा बोर्ड बदलणे म्हणजे पट्ट्यांच्या प्रोग्रॅमला पर्याय शोधण्यासाठी दोन-एक हंगामांची सवड विकत घेणे आहे. ती सवड घेण्यासारखी आहे. परंतु बँकेचे व्यवहार या संगणकावर करू नयेत, आणि त्या प्रोग्रॅममधील शेतकऱ्यांची खाती एक्सेलमध्ये बाहेर काढता येतात का, हे हळदीचा हंगाम उतरल्यावर जरूर पाहावे.

प्रश्न : मी साताऱ्यात वकिली करतो. एप्रिलमध्ये वळीव पावसात वीज कडाडली तेव्हा चार्जर लावलेला असल्याने माझ्या लॅपटॉपचा मदरबोर्ड जळाला. सेवा केंद्राने नवा बोर्ड टाकून दिला आणि डिस्क तीच ठेवली, परंतु आता सुरू करताना निळ्या पडद्यावर बिटलॉकरची ४८ आकडी किल्ली मागितली जाते. मी बिटलॉकर कधी लावलेच नव्हते. पक्षकारांची सर्व कागदपत्रे त्यात आहेत.
— एक वकील, सातारा

उत्तर : आपण लावले नसले तरी बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, लागलेले असू शकते. मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केलेल्या अनेक नव्या लॅपटॉपमध्ये विंडोज ११ डिस्क आपोआप कूटबद्ध करते, आणि ती उघडण्याची किल्ली टीपीएम नावाच्या सुरक्षा घटकात ठेवते. हा घटक बोर्डावर किंवा प्रोसेसरमध्ये असतो, आणि लॅपटॉपमध्ये प्रोसेसर बोर्डालाच जोडलेला असल्यामुळे बोर्डाबरोबर तोही गेला. नव्या बोर्डाला ही डिस्क परकी वाटते, म्हणून तो ओळख मागतो. लॅपटॉप चोरीला गेला असता तर हीच अडवणूक आपल्या पक्षकारांच्या उपयोगी पडली असती.

किल्ली बहुधा आपल्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली आहे. दुसऱ्या संगणकावर किंवा मोबाइलवर त्या खात्यात प्रवेश करावा, उपकरणांच्या यादीत ‘बिटलॉकर रिकव्हरी की’ शोधावी, आणि पडद्यावर दिसणारा किल्लीचा ओळख क्रमांक यादीतील क्रमांकाशी जुळवून पाहावा. ती सहा-सहा आकड्यांच्या आठ गटांत असते. लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करताना दुकानदाराने किंवा कार्यालयातील मुलाने स्वतःचा ई-मेल घातला असण्याचीही शक्यता असते. आपल्या खात्यात किल्ली नसेल तर त्यांना विचारावे. कोणत्याच खात्यात ती नसेल, तर ती डिस्क उघडून देण्याचे आश्वासन देणाऱ्या कोणालाही पैसे देऊ नयेत. ही कुलपे फोडता येत नाहीत.

किल्ली लागल्यावर विंडोज नेहमीसारखी उघडेल, पण पिन किंवा बोटाचा ठसा चालणार नाही, कारण तेही जुन्या टीपीएमशी बांधलेले होते. खात्याचा पासवर्ड देऊन पिन नव्याने करावा. मग नियंत्रण पटलावरून बिटलॉकरचे संरक्षण एकदा स्थगित करून पुन्हा चालू करावे, म्हणजे किल्ली नव्या टीपीएममध्ये बसते आणि दर वेळी ४८ आकडे टाकावे लागत नाहीत. विंडोजच्या परवान्याचा प्रश्न आपल्याला येऊ नये; अशा लॅपटॉपची परवाना किल्ली बोर्डाच्याच स्मृतीत लिहिलेली असते आणि कंपनीचे सेवा केंद्र बोर्ड बदलताना ती नव्या बोर्डात भरते. बाहेरच्या बाजारातून जुना बोर्ड आणून टाकला असता तर तसे घडले असते याची खात्री देता आली नसती.

इतर वाचकांनी यावरून एवढे करावे, की ती किल्ली आजच पाहून कागदावर उतरवावी आणि तो कागद लॅपटॉपच्या पिशवीत न ठेवता कपाटात ठेवावा.

प्रश्न : आमच्या छापखान्यात विंडोज ७ वर जुने देवनागरी डीटीपी सॉफ्टवेअर असून त्याचे डोंगल, म्हणजे परवान्याची छोटी किल्ली, प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला लागते. बोर्ड पूर्ण बंद पडला आहे. डिस्क चांगली आहे. नवा बाराव्या पिढीचा बोर्ड-प्रोसेसर घेऊन ही डिस्क त्याला लावली तर चालेल काय? वीस वर्षांच्या लग्नपत्रिका, स्मरणिका आणि ग्रामपंचायतींची कामे त्या फॉन्टमध्ये आहेत.
— एक मुद्रक, कराड

उत्तर : चालणार नाही, आणि तसे करून पाहण्यात वेळही घालवू नये. विंडोज ७ मध्ये यूएसबी ३ चे ड्रायव्हर नाहीत, त्यामुळे नव्या बोर्डावर कीबोर्ड आणि माउसच मुके होतात. त्या पिढीच्या प्रोसेसरमधील ग्राफिक्ससाठी विंडोज ७ चा ड्रायव्हर नाही. आणि अंगच्या ग्राफिक्सवर चालणाऱ्या त्या बोर्डांत जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सीएसएमची सोयही मिळत नाही. पहिल्या वाचकांना मी जवळच्या पिढीचा बोर्ड घ्या म्हटले. आपल्याला तर तीच एक वाट आहे. एच-६१ किंवा एच-८१ चा बोर्ड, त्याला शोभेल असा प्रोसेसर आणि शक्यतो बोर्डावरच पॅरलल पोर्ट किंवा त्याच्या पिना, असा संच शोधावा. यूएसबीला लावायची प्रिंटरची जी वायर मिळते तिच्यावर अशी डोंगले चालत नाहीत, कारण ती वायर फक्त प्रिंटरलाच ओळखते. स्लॉटमध्ये बसणारे पॅरलल कार्ड काही डोंगलांना चालते, काहींना नाही. दुकानदाराकडून परत घेण्याच्या बोलीवर आणून पाहावे.

बोर्ड मिळाल्यावर निळा पडदा आला तर बायोसमध्ये साटा मोड आयडीई करून पाहावा. त्या काळी अनेकांनी विंडोज ७ आयडीईमध्येच टाकलेली होती, आणि एवढ्या एका बदलाने संगणक सुरू होतो. तेवढ्याने भागले नाही, तर विंडोज ७ च्या डीव्हीडीवरून सुरू करून डिस्कवरच्या रजिस्ट्रीत एएचसीआयचा झोपलेला ड्रायव्हर जागा करता येतो. परंतु ते काम जाणकाराकडूनच आणि डिस्कची प्रत काढल्यानंतरच करून घ्यावे. विंडोज ७ चा सुरक्षा आधार १४ जानेवारी २०२० रोजी थांबला असल्याने संगणक सुरू झाल्यावर त्याला इंटरनेट जोडू नये. कामे पेन ड्राइव्हने न्यावी-आणावीत.

वीस वर्षांच्या कामाबद्दल आपल्याला वाटणारी काळजी मला पूर्णपणे समजते. त्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये बदलून ठेवण्याचे काम, निदान स्मरणिकांपुरते, हा संगणक चालू आहे तोवर सुरू करावे. मांडणी हलेल, जोडाक्षरे तपासावी लागतील, पण मजकूर डोंगलच्या तावडीतून सुटेल.

प्रश्न : शाळेतील उबुंटू असलेल्या संगणकाचा बोर्ड बदलायचा आहे. काय काळजी घ्यावी?
— एक शिक्षक, वाई

उत्तर : फारशी नाही. लिनक्सच्या गाभ्याबरोबर बहुतेक सर्व बोर्डांचे ड्रायव्हर असतातच आणि तो दर वेळी सुरू होताना हार्डवेअर नव्याने ओळखतो. दोन ठिकाणी अडू शकते. यूईएफआय पद्धतीत ‘उबुंटू’ ही सुरुवातीची नोंद डिस्कवर नसून बोर्डाच्या स्मृतीत असते, म्हणून ती जुन्या बोर्डाबरोबर जाते. तसे झाल्यास उबुंटूच्या पेन ड्राइव्हवरून सुरू करून ग्रब हा सुरुवातीचा प्रोग्रॅम पुन्हा बसवावा, डेटाला धक्का लागत नाही. आणि नेटवर्क कार्डाचे नाव बदलू शकते, त्यामुळे शाळेतल्या जाळ्यात या संगणकाला ठराविक आयपी दिलेला असेल तर तो नव्या नावावर पुन्हा लिहावा. एनव्हीडियाचे वेगळे ग्राफिक्स कार्ड काढून टाकणार असाल, तर त्याचा ड्रायव्हर बोर्ड बदलण्याआधीच काढावा.